घरच्यांना अक्षत नाही

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच निवडणूक लढवली आणि ती ते स्वतःच्या घरात हरले. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून हळहळीची वाट बघत बसायला नको.

बनशंकरीच्या देवळापलीकडे तेव्हा बेंगळूर नव्हतं. नाचणीची शेतं होती, एक तळं होतं आणि आमचं गाव होतं. सासऱ्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. भाषा मराठी, पण दर चौथा शब्द कानडी. गावची पटेलकी त्यांच्या घरात बापाकडून मुलाकडे येत होती. सारं गाव त्यांना अण्णा म्हणायचं आणि सासूबाईंना अक्का, म्हणून आम्हीही तेच म्हणत होतो. मी शहरातल्या चामराजपेटेतून तिथे सून म्हणून गेले. पेटेत घरात वीज होती, दारात नळ होता आणि बायकांना तोंड होतं. सासरी यातलं काहीच नव्हतं, पण तोंड मी बरोबर नेलं होतं.

अण्णा वाईट होते असं गावात कुणी म्हणत नसे, कारण म्हणायची सोय नव्हती. देवळापुढच्या पिंपळाच्या पारावर ते सकाळी बसत आणि भांडणं तोडत. एकदा एका म्हाताऱ्याने पाराच्या पिंपळाची फांदी शेळीसाठी तोडली, तर अण्णांनी ती फांदी त्याच्या डोक्यावर देऊन त्याला उन्हं उतरेपर्यंत तिथेच उभं केलं. स्वतः समोर बसून पान खात राहिले. घरी येऊन म्हणाले, ‘‘म्हातारा चिवट आहे, पडला नाही.’’ जेवताना त्या दिवशी ते खुशीत होते.

त्यांची धाकटी मुलगी, माझी नणंद, शहरात शिवण शिकायला जायची. तिथे एका छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कानडी मुलाशी तिने लग्न केलं. दुसऱ्या जातीचा. अण्णांनी गाव पारावर गोळा केलं. आम्ही बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या होतो. मला वाटलं होतं, ओरडतील. पण ते सावकाश, तोंडातलं पान एका गालात सारून म्हणाले, ‘‘मी पटेल आहे तोवर ती या गावची शीव ओलांडणार नाही. तिला कुणी घोटभर पाणी दिलं तर त्याचं घर मी बघून घेईन. आणि आमच्या घरातलं कुणी तिच्या उंबऱ्यात गेलं, तर त्याने तिकडेच राहावं.’’ एवढं बोलून ते पाटाच्या पाण्याच्या तंट्याकडे वळले.

गावाने हुकूम पाळला. तसा सारा भरायच्या हुकमाला गाव दहा सबबी सांगायचं. पण एका पोरीला पाणी द्यायचं नाही, हा हुकूम पाळायला कुणालाच काही कष्ट नव्हते, आणि वर पुण्य मिळाल्यासारखं वाटत होतं. ज्या बायकांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं त्या सगळ्यात आधी तयार झाल्या.

अक्का मात्र त्या दिवसापासून दर मंगळवारी राहूकाळात बनशंकरीला लिंबाचे दिवे लावायला जाऊ लागल्या. मी बरोबर असायची. देऊळ शिवेबाहेर होतं, कुणाचा उंबरा नव्हता, आणि देवीला कुणी पटेल नव्हता. नणंद चामराजपेटेतून यायची. लिंबांच्या टोपलीत खाली नाचणीचे लाडू असत. मायलेकी शेजारी बसून दिवे लावत, एकमेकींकडे न बघता बोलत. मला ती चोरटी भेट बघून संताप यायचा. अक्कांना मात्र तेवढंच खूप होतं, जोवर नणंदेला दिवस गेले नव्हते.

मग दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. नणंद एका मंगळवारी लाडू हातात धरून म्हणाली, ‘‘अक्का, मला घरी यायचंय गं. तिथे सासू नाही, कुणी नाही. मला भीती वाटते.’’ अक्कांनी पुढचा दिवा लावला. परतताना शेताच्या बांधावर अचानक थांबून मला म्हणाल्या, ‘‘पटेल आहे तोवर, असं म्हणाले होते ना? तूही ऐकलंस ना?’’

मी म्हटलं, ‘‘सगळ्यांनी ऐकलं.’’

‘‘सरी, बरं,’’ म्हणाल्या आणि चालू लागल्या.

नवा कायदा नेमका तेव्हाच आला. तालुक्याहून एक अधिकारी सायकलवर आला. चष्मा लावलेला, घामाघूम. त्याने पारावर उभं राहून गावाला कानडीत समजावलं. आता गावचा कारभार निवडून दिलेली पंचायत बघेल. वेगवेगळ्या आळ्यांतून सभासद यायचे, सभासदांनी आपल्यातला अध्यक्ष निवडायचा. पटेल फक्त सारा गोळा करील, तेही सरकार सांगेल तोवर; गावावर हुकूम चालवायचा तर निवडून यावं लागेल. आणि या निवडणुकीत पक्ष नाहीत. कुणी कुठल्या पक्षाचं नाव घ्यायचं नाही, झेंडा लावायचा नाही. ‘‘पक्ष बघू नका, माणूस बघा,’’ असं तो तीनदा म्हणाला. अण्णांना ते फार आवडलं. माणूस बघा म्हणजे आपल्यालाच बघा, असा त्यांनी अर्थ घेतला.

मला विचाराल तर पक्ष काढून टाकल्यावर मागे उरतं ते घर आणि जुना दावा. एखाद्या पक्षाचा माणूस निदान दिल्लीच्या नावाने खोटं बोलतो. इथे प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघून बोलणार होता.

अधिकाऱ्याने मत कसं द्यायचं तेही सांगितलं. शाळेच्या खोलीत पडद्याआड पेट्या ठेवलेल्या असतील, प्रत्येक पेटीवर उमेदवाराचं चित्र. हातात चिठ्ठी मिळेल, ती हव्या त्या पेटीत टाकायची. आत एकावेळी एकच माणूस. कुणी कुणाला मत दिलं ते देवालाही कळणार नाही. बायकांनाही मत. हे ऐकून भिंतीआडच्या बायका हसल्या. अक्का हसल्या नाहीत.

आमच्या आळीतून अण्णा उभे राहिले. पेटीवरच्या चित्रासाठी त्यांना घोडा हवा होता, मिळाली शिडी. त्यांच्याविरुद्ध गिरणीवाले उभे राहिले. नाचणी दळायची गिरणी त्यांची, माणूस गोडबोल्या, पीठ मोजून देताना बायकांना ‘‘अक्का, स्वल्प थांबा हं’’ असं मऊ आवाजात म्हणणारा. त्यांना चित्र मिळालं कंदिलाचं. अण्णांना तो अपमान वाटला. हरायची भीती त्यांना नव्हतीच, एका पिठवाल्याशी आपली बरोबरी लावली याचाच राग होता.

अण्णांना मत मागता येत नव्हतं. हात जोडून दारोदार फिरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे लग्नाला बोलावणं. म्हणून त्यांनी कार्य काढल्यासारखी निवडणूक काढली. परातभर तांदूळ हळदकुंकवात भिजवले, पुढे वाजंत्री घेतली आणि आळीतल्या एकेका दारात जाऊन कर्त्या माणसाच्या तळहातावर अक्षत ठेवली. ‘‘उद्या शाळेत यायचं. शिडी.’’ एवढंच बोलत. अक्षत हातात घेतली की बोलावणं स्वीकारलं, मग पाठ फिरवता येत नाही. हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक होतं. सरकारच्या गुप्त पेटीवर अण्णांचा हा तोडगा होता, आणि खरं सांगायचं तर तोडगा हुशारीचा होता. फांदी डोक्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यानेही अक्षत घेतली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने शिडीच्या पेटीत चिठ्ठी टाकली. नंतर तो स्वतःच हे सांगायचा आणि स्वतःला शिव्या घालायचा.

अण्णांनी सगळी दारं घेतली, एक सोडून. आपल्याच घरात कुणी अक्षत देत नाही. लग्न घरचं असलं की घरच्यांना बोलावणं कसलं? त्यांना बोलावलं तर उलट परकं केल्यासारखं होतं. ही रीत अण्णांनी मोडली नाही. अक्कांना, आम्हा दोन सुनांना, दोन मुलांना, घरात राहणाऱ्या त्यांच्या विधवा बहिणीला, कुणालाच त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी अक्कांना भात आणखी हवा का, हेही विचारलं नव्हतं. ते निवडणुकीत कुठून विचारणार?

परात घरी आली तेव्हा तिच्यात थोडे तांदूळ उरले होते. दिवेलागण झाली. अण्णा पारावर लोकांत बसले होते. अक्कांनी देवापुढे दिवा लावला, परात उचलली आणि स्वयंपाकघरात आल्या. आधी आत्याबाईंच्या, म्हणजे अण्णांच्या त्या विधवा बहिणीच्या हातावर चिमूटभर ठेवली. मग जावेच्या. मग माझ्या. नंतर ओसरीवर जाऊन स्वतःच्या दोन्ही मुलांपुढे उभ्या राहिल्या. ती घोड्याएवढी मुलं आईकडे बघत राहिली, हात पुढे करीनात. अक्का म्हणाल्या, ‘‘हात करा.’’ त्यांनी हात केले.

‘‘उद्या कंदील,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘तिचं बाळंतपण या घरात व्हायचंय. तो पटेल आहे तोवर नाही म्हणाला. मग तो पटेल नको.’’

नवऱ्याला एकेरीत बोलताना मी त्यांना त्या एका वेळीच ऐकलं. आत्याबाई रडायला लागल्या, पण अक्षत त्यांनी मूठ वळून घट्ट धरली होती. भावाच्या घरात फुकट जेवते म्हणून त्यांनाही तिथे रोज ऐकून घ्यावं लागत होतं.

गिरणीवाल्यांशी अक्कांचं आधीच बोलणं झालं होतं. दळण घेऊन मी आणि त्या गेलो असताना अक्कांनी पट्ट्याच्या खडखडाटात, कुणाला ऐकू जाणार नाही असं, मुलीला गावात येऊ द्याल का म्हणून विचारलं. गिरणीवाले पिठाने पांढरे झालेले हात जोडून म्हणाले, ‘‘अक्का, मी आलो की पहिलं काम तुमच्या मुलीचं. ती मला धाकट्या बहिणीसारखी.’’ डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या. अक्कांनी विश्वास ठेवला. माझा बसला नव्हता, पण मला अण्णा पडलेले बघायचे होते, म्हणून मी गप्प राहिले.

मतदानाच्या दिवशी मी कंदिलाच्या पेटीत चिठ्ठी टाकली आणि शिडीच्या पेटीला, कुणी बघत नव्हतं म्हणून, एक टिचकी मारली. फार बरं वाटलं. अक्का आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. अधिकारी चुळबुळायला लागला. बाहेर आल्या तेव्हा बोटांना कुंकू होतं. पेटीची पूजा करून आल्या होत्या.

मोजणी झाली आणि अण्णा हरले. हरले ते इतक्या थोडक्यात, की आमच्या एका घरातली मतं फिरली असती तर शिडीच आली असती. हा हिशोब पारावरच्या अडाणी माणसालाही करता येत होता. अक्षत घेतलेली सगळी घरं छातीवर हात मारून सांगत होती, ‘‘आम्ही शब्द पाळला, अण्णा.’’ मग राहिलं कोण? लोक अण्णांकडे बघत आणि हळूच आमच्या घराकडे बघत. त्यांच्या चेहऱ्यावर जी मजा होती ती मी कधी विसरणार नाही. अण्णा घरी आले, पाय धुतले, पाटावर बसले. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. विचारणं त्यांना आयुष्यभर जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही.

गिरणीवाले अध्यक्ष झाले. अक्का आठवडाभर थांबल्या आणि मग पंचायतीच्या पहिल्या बैठकीला शाळेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे होते. आत दिवाबत्तीचं, विहिरीच्या गाळाचं बोलणं झालं. मग अध्यक्षांनी लिहिणाऱ्याला वही मिटायला सांगितली, कारण असला विषय कायद्यात बसत नाही, लिहायचा नाही. ते उठून दारापर्यंत आले. आवाज तोच, मऊ.

‘‘अक्का, माझं काहीच म्हणणं नाही. पण पटेलांचं राज्य होतं तेव्हा एकट्याने ठरवलेलं चालायचं. आता सगळ्यांना विचारायला हवं ना? आपण मत घेऊ.’’

त्यांनी आत वळून विचारलं, पटेलांच्या मुलीला गावात येऊ द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. सभासदांनी एकमेकांकडे बघितलं. प्रत्येकाला पुढच्या निवडणुकीतली आपली आळी दिसत होती. एकजण म्हणाला, ‘‘माझी हरकत नाही हो, पण लोक काय म्हणतील?’’ दुसरा म्हणाला, ‘‘माझ्याही घरात मुली आहेत.’’ हात कुणाचाच वर झाला नाही. अक्का अध्यक्षांच्या हाताकडे बघत होत्या. अध्यक्षांनी तो टेबलावर ठेवला होता. ‘‘मत समसमान पडलं तरच अध्यक्षांनी द्यायचं असतं,’’ ते म्हणाले. ‘‘नियम आहे, अक्का. मी काय करू?’’

अण्णांच्या पायावर डोकं आपटता आलं असतं. त्यांना शाप देता आला असता. इथे शाप तरी कुणाला द्यायचा?

बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. अण्णा जेवायला बसले. अक्का वाढत होत्या. निकालाच्या दिवसापासून ते त्यांच्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी भातावर सारू घेतलं, कालवलं आणि खाली बघतच म्हणाले, ‘‘जिंकल्यावर तिला आणणारच होतो मी. बाळंतपणाला. जटकावाल्याला सांगूनसुद्धा ठेवलं होतं. मी घातलेली बंदी, मीच उठवली असती. दुसऱ्या कुणाला ती उठवता येत नाही.’’

अक्कांच्या हातातला डाव तसाच राहिला. ‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘घरच्यांना काय सांगायचं असतं?’’ अण्णा म्हणाले, आणि व्यवस्थित पोटभर जेवले.

आमच्या बाजूला जटका, म्हणजे टांगा, एकाच माणसाचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला गाठून विचारलं. अण्णांनी त्याला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. मी तशीच धावत येऊन अक्कांना सांगितलं, ‘‘खोटं आहे सगळं. तुम्हाला लागावं म्हणून बोलले.’’ त्या चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘बेडा. नको सांगूस. तो जटकावाला विसरला असेल.’’ मी पुष्कळ डोकं आपटलं. नवऱ्याने मुद्दाम जिव्हारी घाव घातला, यापेक्षा आपलंच चुकलं हे मानणं त्यांना सोपं गेलं. अण्णांनी माणूस बरोबर ओळखला होता. न विचारता चाळीस वर्षं ओळखला होता.

नणंद बाळंत झाली ती शहरातल्या इस्पितळात, जवळ कुणी नसताना. मुलगा झाला. अक्कांनी त्याला पहिल्यांदा बघितलं ते देवळाच्या पायरीवर, लिंबाच्या दिव्यांच्या धुरात.

पुढे काही वर्षांनी अण्णा गेले. तोवर आमच्या शेतांवर वसाहतीचे दगड रोवले गेले होते, कोण कुठून येतो आणि कुठली शीव ओलांडतो हे बघायला कुणाला सवड नव्हती. ना मत घेतलं गेलं, ना बंदी उठली, ती नुसती विसरली गेली. नणंद सुतकात घरी आली, सरळ, दिवसाढवळ्या, बसमधून उतरून. उंबऱ्यात अक्कांनी तिला मिठी मारली आणि तेवढ्यात जे बोलायला नको तेच बोलल्या. ‘‘मी तुला अडवलं गं. तुझ्या बापाने जटका सांगून ठेवला होता. मीच त्याला पाडलं.’’

नणंदेचे हात आईच्या पाठीवरून निघाले. मी बघत होते. तिला इतकी वर्षं बाप नव्हता, आणि मेल्यावर तो एकदम मिळाला, तोही प्रेमळ. असा बाप कोण सोडील? मी मध्ये पडले, जटकावाल्याचं सांगितलं. ती माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्ही पेटेतून आलेल्या. आमच्या घरातलं तुम्हाला काय कळणार?’’ मग ती अण्णांच्या फोटोपुढे बसून पोटभर रडली. आईजवळ बसली नाही.

त्यानंतर तिच्या मुलाची मुंज ठरली. ती अक्षत द्यायला आली, नवी साडी, हातात चांदीची वाटी. आधी अण्णांच्या फोटोपुढे ठेवली. मग आत्याबाईंच्या हातावर, जावेच्या हातावर, माझ्या हातावर, दोन्ही भावांच्या हातावर. प्रत्येकाला म्हणाली, ‘‘नक्की यायचं.’’

अक्कांनी हात पुढे केला होता. नणंदेने वाटीवर झाकण ठेवलं. ‘‘तुला काय द्यायची, अक्का? तू घरचीच.’’

अक्कांनी तो रिकामा हात पदराला पुसला आणि तिच्यासाठी कॉफी करायला आत गेल्या. मुंजीला आम्ही सगळे गेलो. त्या गेल्या नाहीत.